मशीन भंगारात घालायच्या आधी ती वायर बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, कापावं लागलं तर कापा, फक्त खरेदीच्या ऑर्डरीत काय लिहावं ते जे खाली सांगितलंय तेवढं राहू द्या, मी लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच.

मी फोंड्याचा. बावीस-तेवीस वर्षं झाली, लॅबमधली आणि वर्कशॉपमधली मशीनं दुरुस्त करतो, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजणारं मशीन), डिजिटल तराजू, पीएच मीटर, टायट्रेटर (थेंब थेंब द्रावण घालून पदार्थ किती आहे ते मोजणारं), मधेच कुणाच्या सीएनसीचा, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या मशीनचा, कंट्रोलर, मधेच खाणीवरचा वजनकाटा. गोव्यात या कामाची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे काणकोणपासून पेडण्यापर्यंत फिरणं होतं आणि बऱ्याच ठिकाणी एकच गोष्ट परत परत दिसते.

परवा एका कॉलेजात पीएच मीटर बघायला गेलो होतो. केमिस्ट्री लॅबच्या बाहेर व्हरांड्यात मोडक्या स्टुलांच्या आणि जुन्या मॉनिटरांच्या शेजारी एक यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर ठेवलेला, वर धूळ आणि कागद चिकटवलेला, कंडेम, म्हणजे भंगारात काढायचं. मी थांबलोच. हे मशीन माझ्या ओळखीचं, २००९ साली आलेलं, दोन वर्षांपूर्वी त्याचा ड्युटेरियम लॅम्प, अतिनील प्रकाश देणारा, मीच बदलला होता, त्या लॅम्पचे तास अजून अर्धेसुद्धा झाले नसणार. लॅब अटेंडंटला विचारलं काय झालं याला, तर तो म्हणाला, "भाई, मशीन बरें आसा, पूण नवो कॉम्प्युटर ताका वळखना."

एवढंच झालं होतं, खरोखर एवढंच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, मग सगळीकडे जुने कॉम्प्युटर काढून नवे घ्यायची घाई झाली, नवे आले ते चांगलेच आले पण त्यांच्या मागच्या बाजूला ते नऊ पिनांचं सिरीयल पोर्ट, मशीनची वायर लावायची जुनी जागा, ते नव्हतं. या मशीनला स्वतःचा डिस्प्ले नाही, सगळं कॉम्प्युटरवरच दिसतं. मग कुणीतरी सांगितलं की यूएसबी टू सिरीयल कन्व्हर्टर, म्हणजे यूएसबीत लावून सिरीयल पोर्ट काढून देणारा डबा, मिळतो, तीन कोटेशनं मागवली, सगळ्यात स्वस्त २३० रुपयांचा घेतला, लावला, चालला नाही. विकलेल्या कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की मॉडेल जुनं झालं, नवीन घ्या, सोबत काही लाखांचं कोटेशन. कमिटी बसली, कंडेमची सही झाली. नवीन मशीनला मंजुरी कधी येईल ते देव जाणे, आणि तोपर्यंत बीएस्सीच्या मुली मागच्या बॅचच्या जर्नलमधले ग्राफ बघून जर्नल लिहितायत. मला हे बघून खूप वाईट वाटलं म्हणून हे पत्र.

मी सरांना म्हटलं, सर, अर्धा तास द्या मला, मशीन आत घेऊया. सर बिचारे लगेच तयार झाले, त्यांना पण ते मशीन टाकायचं नव्हतंच, पण कॉम्प्युटर मशीनशी बोलत नाही म्हटल्यावर करायचं काय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी मल्टिमीटर काढला. कन्व्हर्टर कॉम्प्युटरला लावून, मशीनला न लावता, नऊ पिनांच्या टोकावर तीन नंबरची पिन आणि पाच नंबरची पिन यांच्यामधे डीसी व्होल्टेज बघायचं, काळी प्रोब पाचवर. पाच म्हणजे ग्राऊंड, तीन म्हणजे कॉम्प्युटर जिथून डेटा पाठवतो ती. काही पाठवत नसताना तिथं मायनस व्होल्टेज दिसायला पाहिजे, मायनस पाच-सहा, चांगल्यात मायनस नऊ-दहापर्यंत. इथं दिसलं शून्य. म्हणजे त्या डब्यात व्होल्टेज बदलणारी चिपच नव्हती, शून्य ते पाच व्होल्टचं सिग्नल फक्त उलटं करून पुढं काढून दिलेलं. सिरीयल पोर्टचं आरएस-२३२ हे स्टँडर्ड १९६० पासूनचं आहे आणि त्यात डेटातला १ हा अंक म्हणजे मायनस तीन ते मायनस पंधरा व्होल्ट आणि ० म्हणजे प्लस तीन ते प्लस पंधरा, मधल्या सहा व्होल्टच्या पट्ट्यात जे येईल त्याचा काही भरवसा नाही. असा बिनचिपचा कन्व्हर्टर एखाद्या नव्या मशीनवर चालून जातो, कारण आजकालच्या रिसीव्हर चिपा शून्य व्होल्टलाही समजून घेतात, आणि मग दुकानदार म्हणतो आमच्याकडे तर चालला, तुमचं मशीनच बिघडलंय. जुनं मशीन स्टँडर्डप्रमाणे मायनस मागतं, त्याला मिळत नाही, ते गप्प बसतं. यात मशीनची चूक काय?

मग माझ्या बॅगेतला कन्व्हर्टर लावला, मायनस नऊ आलं. दुसरी परीक्षा, ही कुणीपण करू शकतो आणि हिला मीटर पण लागत नाही. दोन आणि तीन नंबरच्या पिना एकमेकींना जोडायच्या, मी लॅबमधल्याच एका मुलीची केसांची पिन घेतली, आणि टेराटर्म किंवा पुटी हा सिरीयल पोर्टशी बोलायचा प्रोग्रॅम उघडून त्या पोर्टवर काहीतरी टाईप करायचं. हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे वेगळ्या वायरींवरून थांब-चालू सांगणं, बंद ठेवून. जे टाईप केलं तेच स्क्रीनवर परत आलं म्हणजे कॉम्प्युटर, ड्रायव्हर, कन्व्हर्टर, तिन्ही ठीक. पिन काढली की यायचं बंद झालं पाहिजे, हेही बघायचं, नाहीतर प्रोग्रॅम स्वतःच टाईप केलेलं दाखवत असतो आणि आपण फसतो. त्या मुलीनं तीन वेळा पिन लावून काढून बघितली. एवढी साधी गोष्ट तिला तीन वर्षांत कुणी दाखवली नव्हती.

तरीपण मशीनचं सॉफ्टवेअर काही उघडेना. कारण विंडोजनं कन्व्हर्टरला नंबर दिलेला कॉम ११ आणि त्या जुन्या सॉफ्टवेअरच्या लिस्टमधे कॉम १ ते कॉम ४ एवढेच. डिव्हाइस मॅनेजरमधे जाऊन पोर्टच्या सेटिंगमधे अॅडव्हान्स्ड उघडलं, तिथं कॉम २ केलं, सॉफ्टवेअर बंद करून परत चालू केलं आणि मशीनच्या आत मोटर फिरल्याचा तो बारीक कुर्र आवाज आला. लॅम्प तापायला अर्धा तास दिला, मग होल्मियमची काच, जिची शिखरं कुठं यायची ते ठरलेलं असतं, ती ठेवून स्कॅन घेतला, ३६१ नॅनोमीटरच्या आसपासचं शिखर जिथं यायला पाहिजे तिथं आलं. सर काही बोलले नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघत उभे राहिले, मग अटेंडंटला म्हणाले, तो कागद काढ रे.

आता लोक विचारतात मग कुठला कन्व्हर्टर घ्यायचा. ब्रँड सांगण्यात अर्थ नाही, बाहेरचा डबा कुणाचाही असतो, आत चिप कुणाची ते महत्त्वाचं. बाजारात चार घराण्यांच्या चिपा जास्त दिसतात. ग्लासगोच्या एफटीडीआयची एफटी२३२, तैवानच्या प्रोलिफिकची पीएल२३०३, अमेरिकेच्या सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२ आणि चीनची सीएच३४०. चारही चालतात, अस्सल असल्या तर. मी स्वतः इन्स्ट्रुमेंटला एफटीडीआय लावतो आणि त्याची कारणं सांगतो, नुसतं आवडतं म्हणून नाही.

एक म्हणजे त्या चिपमधे प्रत्येकीचा वेगळा सिरीयल नंबर असतो, त्यामुळे कन्व्हर्टर कॉम्प्युटरच्या या यूएसबीतून काढून त्या यूएसबीत घातला तरी विंडोज त्याला ओळखतं आणि कॉम नंबर तोच राहतो. सीएच३४० च्या नेहमीच्या कन्व्हर्टरांत असा नंबर नसतो, विंडोज मग यूएसबीच्या भोकावरून नंबर ठरवतं, झाडलोट करताना कुणी वायर काढून बाजूच्या भोकात घातली की कॉम ३ चा कॉम ७ होतो आणि सोमवारी सकाळी फोन येतो की मशीन बंद पडलं. एकाच कॉम्प्युटरला तराजू, टायट्रेटर, पीएच मीटर असं तीन-चार जोडलेलं असेल तिथं तर याच्यावरून गोंधळच गोंधळ, तराजूचं वजन पीएचच्या रकान्यात. लिनक्सवाल्यांना पण तेच, तिथं पोर्टांना मिळणारे टीटीवाययूएसबी शून्य, एक, दोन हे नंबर बूट होताना अदलाबदल होतात, सिरीयल नंबर असला की बाय-आयडीच्या, म्हणजे त्या नंबरावरून पडलेल्या कायमच्या, नावानं पक्कं पकडता येतं.

दुसरं कारण लेटन्सी टायमर. यूएसबी हे सिरीयलसारखं अक्षर आलं की लगेच पुढं ढकलत नाही, थोडी वाट बघून गठ्ठ्यानं देतं. एफटीडीआयच्या ड्रायव्हरमधे ही वाट बघायची वेळ १६ मिलिसेकंद ठेवलेली असते. ऐकायला काहीच नाही, पण ज्या मशीनला कॉम्प्युटर एक प्रश्न विचारतो, उत्तर आलं की दुसरा, तिथं प्रत्येक प्रश्नामागे १६. १९० ते ११०० नॅनोमीटर एकेक पॉइंट घेतलात तर ९११ पॉइंट, म्हणजे चौदा-पंधरा सेकंद नुसती वाट बघण्यात गेली, आणि काही जुने प्रोग्रॅम तेवढं थांबतच नाहीत, टाईमआउट देऊन मोकळे होतात. डिव्हाइस मॅनेजरमधे त्याच अॅडव्हान्स्डच्या पानावर ही वेळ १ करता येते. हे माहीत नसल्यामुळे यूएसबी कन्व्हर्टर स्लो असतो असं म्हणून चांगला कन्व्हर्टर ड्रॉवरमधे टाकलेला मी पाहिलाय.

पण डुप्लिकेटचं बघा हं, ते फार महत्त्वाचं. एफटीडीआयच्या आणि प्रोलिफिकच्या नकली चिपा ढिगानं आहेत. ऑक्टोबर २०१४ मधे एफटीडीआयचा एक ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्यानं नकली चिपांचा ओळख नंबर शून्य करून टाकला, जगभर लोकांची चालती उपकरणं रातोरात दिसेनाशी झाली, ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला. प्रोलिफिकच्या नव्या ड्रायव्हरवर जुनी किंवा नकली चिप लावली की डिव्हाइस मॅनेजरमधे पिवळं उद्गारचिन्ह येतं आणि नावाच्या जागीच लिहून येतं की ही चिप २०१२ पासून बंद झाली, सप्लायरला भेटा. कित्येक लॅबमधे हे वाक्य महिनोन्‌महिने स्क्रीनवर असतं आणि कुणी वाचत नाही. म्हणून चिप अस्सल पाहिजे, बिलावर चिपचं नाव पाहिजे आणि विकणारा उद्या भेटणारा पाहिजे.

बरं, कन्व्हर्टर घ्यायच्याही आधी एक करा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर बघा, बऱ्याच बोर्डांवर अजून कॉम असं लिहिलेल्या बारीक पिनांच्या दोन रांगा असतात, त्याला फक्त एक पट्टी आणि वायर लावली की मागं खरंखुरं सिरीयल पोर्ट मिळतं, ड्रायव्हर नको, लेटन्सी नको. ती पट्टी दोन प्रकारच्या जोडणीची येते, तुमच्या बोर्डाला कुठली ते मीटरनं बघून घ्यायचं. नाहीतर पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड येतं, तेही उत्तम. लॅपटॉप असेल तरच यूएसबीशिवाय इलाज नाही.

आता वर्कशॉपवाल्यांसाठी. कुंडईला एका शेडमधे जुनं सीएनसी आहे, मेमरी इतकी कमी की मोठा प्रोग्रॅम एकदम मावत नाही, कॉम्प्युटरमधून थोडा थोडा पाठवत कापत राहायचं. तिथं मशीन म्हणतं थांब, पुरे, माझं पोट भरलं, आणि कॉम्प्युटरनं लगेच थांबायला पाहिजे. हे थांब-चालू दोन प्रकारे सांगतात, एक तर एक्सऑफ-एक्सऑन ही खास अक्षरं पाठवून, नाहीतर आरटीएस-सीटीएस या वेगळ्या वायरींवरून. स्वस्तातला कन्व्हर्टर थांब ऐकतो पण त्याच्या बफरमधे आधीच भरलेलं असतं ते ओतूनच थांबतो, मशीनचं पोट फुटतं, फॅनुक कंपनीच्या कंट्रोलरवर ०८७ नंबरचा अलार्म येतो, बफर ओव्हरफ्लो. आणि ०८६ आला तर डीआर सिग्नल ऑफ, म्हणजे सहा नंबरच्या पिनेवर यायला पाहिजे ते सिग्नल आलंच नाही, वायर अर्धवट जोडलेली. तीन वायरी जोडल्या की झालं सिरीयल असं समजणारे खूप आहेत, टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची), ग्राऊंड, पण मशीन उरलेल्या पिनांवर वाट बघत असतं. तिथला मुलगा दर चाळीस-पन्नास मिनिटांनी अलार्म रिसेट करायचा आणि जॉब परत सुरुवातीपासून लावायचा, ॲल्युमिनियमचे किती ब्लॉक वाया गेले असतील, त्याला वाटायचं मशीनच म्हातारं झालंय. नवा कन्व्हर्टर आणि नीट सोल्डर केलेली पूर्ण वायर, एवढ्यावर काम झालं.

सोल्डरिंगवरून आठवलं, सरळ वायर आणि क्रॉस वायर यातला फरक लिहून ठेवत जा. दोन्ही दिसायला एक, पण एकीत दोन-तीन सरळ जातात आणि दुसरीत उलटे. मशीनसोबत आलेली ओरिजिनल वायर कधी टाकू नये, ती कंपनीनं त्या मशीनसाठीच जोडलेली असते. आणि स्क्रू बघा. कन्व्हर्टरच्या तोंडाला दोन बाजूंना स्क्रू, मशीनच्या वायरीला पण स्क्रू, नट कुणाकडेच नाही, मग ते आवळले जात नाहीत, नुसतं ठोसून बसवतात आणि टेबल हललं की सुटतं. नट असलेला मागा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात साध्या पिनांवर हिरवट थर चढतो, दोनापावलासारख्या किनाऱ्यालगत तर एका पावसाळ्यात, म्हणून सोन्याचा मुलामा असलेल्या पिना, आणि जून लागायच्या आधी एकदा आयसोप्रोपाईल अल्कोहोलनं पुसायच्या.

खाणीकडची गोष्ट वेगळीच आणि तिथं नुकसान मोठं. वजनकाट्याचा इंडिकेटर ट्रकच्या बाजूला, कॉम्प्युटर केबिनीत, मधे साठ-सत्तर मीटर वायर जमिनीतून. आरएस-२३२ हे मुळात पंधरा मीटरच्या आसपासच्या वायरीसाठी, कमी स्पीडला जास्त लांब जातं हे खरं, पण लांब वायर म्हणजे दोन टोकांच्या अर्थिंगमधे फरक आणि मे अखेरीस किंवा ऑक्टोबरात वीज कडाडली की तो फरक त्या वायरीतूनच धावतो. डिचोलीकडच्या एका काट्यावर एका दुपारच्या पावसात कन्व्हर्टर, कॉम्प्युटरचा मदरबोर्ड आणि इंडिकेटरचं पोर्ट तिन्ही गेले, वीज थेट पडली नव्हती, लांब कुठेतरी पडली होती. कन्व्हर्टर उघडला तर आत ग्राऊंडची पट्टी केसासारखी जळून उडालेली. अशा ठिकाणी आरएस-४८५ करायचं, दोन वायरींमधला फरक मोजणारं ते, हजार-बाराशे मीटर जातं, आणि कन्व्हर्टर आयसोलेटेड घ्यायचा, म्हणजे आत दोन बाजूंमधे तांब्याचा थेट संबंध नसतो, सिग्नल प्रकाशानं किंवा तसल्याच दुसऱ्या उपायानं पलीकडे जातं. महाग पडतो, साध्याच्या दोन-तीन पट, पण मदरबोर्ड गेला तर त्याहून जास्त जातात. लॅबमधे पण ज्या मशीनला स्वतःचं मोठं हीटर किंवा मोटर आहे तिथं मी आयसोलेटेडच लावतो.

अजून एक प्रकार सांगतो कारण यात एका लॅबनं कॉम्प्युटर दोनदा फॉरमॅट केला. तराजू कंटिन्युअस प्रिंटवर ठेवलेला, म्हणजे सेकंदाला काही वेळा वजन पाठवत राहतो. कॉम्प्युटर चालू करताना कन्व्हर्टर लावलेलाच. विंडोजला वाटतं सिरीयल पोर्टवरून काहीतरी येतंय म्हणजे हा जुन्या काळचा सिरीयल माऊस. मग स्क्रीनवरचा बाण आपोआप उड्या मारतो, फायली उघडतो, बंद करतो, मेनू खाली येतात. सगळ्यांनी ठरवलं व्हायरस. अँटीव्हायरस घेतला, फॉरमॅट मारला, परत तेच. डिव्हाइस मॅनेजरमधे माऊसच्या खाली बघितलं तर सिरीयल बॉलपॉइंट नावाचा एक माऊस बसलेला. तो डिसेबल केला, पोर्टच्या अॅडव्हान्स्डमधली सिरीयल एन्युमरेटरची, म्हणजे पोर्टवर काय जोडलंय ते शोधायची, टिक काढली, तराजूला सांगितलं विचारल्यावरच वजन दे. त्या लॅबमधल्या बाईंनी विचारलं, हे तुम्हाला कुठं शिकवलं, तर कुठं नाही, माझ्यावर पण एकदा असंच बेतलं होतं, रात्रभर जागलो होतो.

रात्रीवरून, रात्रभर रीडिंग घेणारं मशीन पहाटे बंद सापडतं त्याचं कारण बहुतेक वेळा कॉम्प्युटरचं पॉवर सेव्हिंग असतं, विंडोज यूएसबीला झोपवतं. यूएसबी हबच्या प्रॉपर्टीत पॉवर मॅनेजमेंटची टिक काढा आणि पॉवर प्लॅनमधे सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

हेही सांगायला पाहिजे की प्रत्येक जुनं मशीन वाचवायचं असा माझा हट्ट नाही. ग्रेटिंगला, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या आतल्या पट्टीला, बुरशी लागली, आरशांचा मुलामा गेला, पार्ट मिळत नाहीत, तर टाका, मीच लिहून देतो. सॉफ्टवेअर सोळा बिटच्या जमान्यातलं असेल तर ते विंडोज ११ वर थेट चालणारच नाही, कन्व्हर्टर सोन्याचा लावला तरी, तिथं जुना कॉम्प्युटरच नेटपासून तोडून त्या मशीनला ठेवून द्यावा, हार्डडिस्कची एक कॉपी काढून. आणि फार्मा कंपन्यांत नियम कडक, तिथं साधा कन्व्हर्टर बदलायचा तरी चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाची नोंद आणि मंजुरी, लिहून, तपासून मगच, आणि ते बरोबरच आहे.

आता मुख्य. कॉलेजं, हायर सेकंडरी, सरकारी लॅबा, सगळीकडे खरेदी होते ती एल-वनवर, म्हणजे जो सगळ्यात कमी भाव देईल त्याची. त्यात खरेदी करणाऱ्या क्लार्कचा दोष नाही, त्याच्यापुढं आलेल्या मागणीत एवढंच असतं, यूएसबी टू सिरीयल कन्व्हर्टर, नग एक. एवढ्या वाक्यावर २३० रुपयांचा बिनचिपचा डबाच येणार, त्याला नाकारायला कागदावर काही आधारच नाही. म्हणून मागणी लिहिणाऱ्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे की दोन ओळी जास्त लिहा. चिपचं नाव लिहा आणि अस्सल असल्याचं सप्लायरनं लेखी द्यावं असं लिहा. आरएस-२३२ लेव्हल, रिकाम्या वेळी पाठवणाऱ्या पिनेवर किमान मायनस पाच व्होल्ट, असं लिहा, म्हणजे माल आला की पाच मिनिटांत मीटर लावून तपासता येतो आणि नसेल तर परत करता येतो. सगळ्या सिग्नलच्या वायरी जोडलेल्या, थांब-चालूच्या आरटीएस, सीटीएस आणि तयार असल्याचं सांगणाऱ्या डीटीआर, डीएसआरसकट, असं लिहा. प्रत्येक नगाला वेगळा सिरीयल नंबर, विंडोज ११ चा ड्रायव्हर. लांब वायर किंवा उघड्यावरचं काम असेल तर आयसोलेटेड. असा कन्व्हर्टर दीड-दोन हजारांत येतो, आयसोलेटेड चार-पाच हजारांच्या घरात, आणि तो ज्या मशीनला लागणार ते लाखांचं असतं. आलेल्या कन्व्हर्टरवर कॉम नंबर, बॉड रेट (डेटाचा वेग), डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, कारण सगळी मशीनं ९६०० आणि आठ बिटवर नसतात, काही तराजू अजून सात बिट आणि ऑड पॅरिटीवर चालतात आणि सेटिंग चुकलं की स्क्रीनवर नुसती भलतीसलती चिन्हं येतात.

आयटीआयच्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या मुलांना आणि बीएस्सीच्या मुलांना हे एक दिवस हातानं करायला लावा, मीटर, केसांची पिन आणि एक कन्व्हर्टर एवढंच लागतं. कुठल्या कॉलेजनं बोलावलं तर मी येऊन दाखवीन, पैसे नकोत.

त्या कॉलेजातलं मशीन आता टेबलावर आहे, चालतंय, पण डेडस्टॉक रजिस्टरमधे, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या वहीत, त्याच्यावर लाल रेघ मारलेली असल्यामुळे कागदावर ते नाहीच. सर म्हणाले, परत नोंद करायला वरून मंजुरी पाहिजे, आणि जे कागदावर नाही त्याला लॅम्प मागता येणार नाही. शिक्षण खात्यानं एवढं करावं, कंडेमच्या फॉर्ममधे एक रकाना घालावा, मशीन दुसऱ्या कॉम्प्युटरवर आणि तपासलेल्या कन्व्हर्टरवर लावून बघितलं का, कुणी बघितलं, कोणत्या तारखेला, आणि तो भरल्याशिवाय सही होऊ नये. आणि चुकून रेघ मारली गेलेली मशीनं रजिस्टरवर परत घ्यायची सोपी वाट प्रिन्सिपलांच्या पातळीवरच असावी. त्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा लॅम्प अजून दोनेक वर्षं जाईल, तेवढ्यात हे व्हावं.

आपला,
एक इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, फोंडा